अवकाश विकास सरकारी असावा की खासगी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवकाशात कोणी जावे, सरकारने की कंपन्यांनी, हा वाद बहुतेक वेळा रॉकेटांभोवतीच फिरत राहतो. रॉकेट हा या व्यवहारातला सर्वांत डोळ्यांत भरणारा भाग आहे, पण समाजाला होणारा फायदा-तोटा बराचसा त्यानंतर ठरतो. पुढील उत्तरांत म्हणून दोन गोष्टी पुनःपुन्हा तपासल्या आहेत: काम फसले तर भुर्दंड कोणाला पडतो, आणि काम साधले तर हाती आलेली माहिती, सेवा किंवा जागा कोणाच्या ताब्यात राहते.

सरकारी आणि खासगी अशी विभागणी मुळात करता येते का? अवकाशयाने तर पूर्वीपासून कंपन्याच बांधत आल्या आहेत.

ही हरकत रास्त आहे. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटचा पहिला टप्पा बोइंगने, दुसरा नॉर्थ अमेरिकनने आणि तिसरा डग्लसने बांधला होता, तर चंद्रावर उतरणारे यान ग्रुमनचे होते. तरीही अपोलोला कोणी खासगी मोहीम म्हणत नाही, कारण आराखडा, मालकी आणि जोखीम या तिन्ही गोष्टी नासाकडे होत्या. कंपनीला झालेला खर्च भरून मिळत असे आणि वर ठरलेला मोबदला मिळत असे.

दुसऱ्या प्रकारात सरकार यान विकत घेत नाही, सेवा विकत घेते: इतका माल, अमुक कक्षेत, ठरलेल्या किमतीत. खर्च वाढला तर तो कंपनीने सोसायचा. तिसऱ्या प्रकारात भांडवलही कंपनीचे आणि गिऱ्हाईकही तिनेच शोधलेले असते. दळणवळण उपग्रहांचा मोठा व्यवसाय असा चालतो. 'खासगी अवकाश' म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, त्यातील पुष्कळसा भाग प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकारातला असतो, म्हणजे त्यामागे करदात्यांचाच पैसा असतो. हे लक्षात ठेवले की अर्धे गैरसमज दूर होतात.

थेट उत्तर हवे असेल तर समाजाचे हित कशात जास्त आहे?

उद्दिष्ट ठरवणे, मूलभूत विज्ञान, मोजमापाची माहिती आणि कक्षेचे नियमन ही कामे सार्वजनिक हातांत असावीत. वाहतूक, बांधणी आणि ज्या सेवेसाठी ग्राहक स्वतःहून पैसे मोजतो ती सेवा कंपन्यांकडे असावी, असे माझे मत आहे. हा दोघांना खूश करणारा तोडगा वाटेल, पण तसा तो नाही. या वाटणीत सरकारी संस्थांना रॉकेटे बांधण्याचा मान सोडावा लागतो आणि कंपन्यांना पृथ्वीच्या निरीक्षणातून मिळणाऱ्या माहितीवरचा हक्क सोडावा लागतो. दोघांनाही ते जड जाते.

सरकारांनी सुरुवात केली नसती तर कंपन्या अवकाशात पोहोचल्या असत्या का?

त्या काळात नक्कीच नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आणि १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन ज्या रॉकेटांवरून गेले, त्यांचा मूळ आराखडा आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा होता. १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातील चार टक्क्यांहून जास्त रक्कम एकट्या नासाकडे जात होती आणि अपोलोच्या कामात सुमारे ४ लाख माणसे गुंतलेली होती. परतावा कधी आणि कशातून मिळणार याचे उत्तर नसताना इतके भांडवल कोणताही भागधारक देत नाही.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. जुलै १९६२ मध्ये सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह एटी अँड टी कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधला आणि प्रक्षेपणाचे पैसेही नासाला दिले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धापूर्वी, रॉबर्ट गॉडर्डच्या द्रवइंधन रॉकेटांना गुगेनहाइम घराण्याने देणगी दिली होती, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतील काही मोठ्या वेधशाळा धनिकांच्या पैशांतून उभ्या राहिल्या. अवकाशाकडे पाहणारा श्रीमंत माणूस ही काही या शतकाची नवलाई नव्हे.

समाजाला अवकाशातून खरा फायदा कशाचा होतो?

ज्याचे बिल माणशी लावता येत नाही अशा गोष्टींचा. एप्रिल १९६० मध्ये टायरॉस-१ या पहिल्या यशस्वी हवामान उपग्रहाने ढगांची चित्रे पाठवली, तेव्हापासून समुद्रात तयार होणारे वादळ किनाऱ्यावर येण्याच्या कितीतरी आधी दिसू लागले. अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी जमिनीवरच्या उपकरणांनी उघडकीस आणला, पण ते विवर किती मोठे आहे हे निंबस-७ उपग्रहाच्या नकाशांनी जगाला दाखवले, आणि १९८७ मध्ये ओझोनला मारक रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. यातील एकाही गोष्टीचे बिल कोणाच्या नावाने फाडायचे?

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. खोल समुद्रात बोट उलटते. बोटीवर बसवलेला छोटा संकेतक पाण्याच्या दाबाने कप्प्यातून सुटतो, वर तरंगतो आणि ४०६ मेगाहर्ट्झवर आपला क्रमांक पाठवू लागतो. वरून जाणारा उपग्रह तो ऐकतो, जमिनीवरचे केंद्र जागा शोधून काढते आणि जवळच्या बचाव यंत्रणेला निरोप जातो. बुडणारा कोणत्या देशाचा आहे, त्याने वर्गणी भरली आहे की नाही, हे वाटेत कोणी विचारत नाही. कोस्पास-सरसॅट नावाची ही व्यवस्था अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उभारली, आणि तिच्या पहिल्या उपग्रहाने काम सुरू केले ते १९८२ मध्ये, म्हणजे शीतयुद्ध ऐन भरात असताना. तिच्यामुळे आजवर हजारो जीव वाचले आहेत. एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या सरकारांनी हे जमवले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

जीपीएसचे काय? त्यावर तर कंपन्यांनी मोठा व्यवसाय उभा केला आहे.

केला आहे, आणि तो उभा राहू शकला तोच मुळी संकेत फुकट असल्यामुळे. जीपीएसचा उपग्रह फक्त वेळ आणि आपली जागा प्रसारित करतो. खाली कोण ऐकत आहे हे त्याला कळतही नाही. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला, १९९५ मध्ये व्यवस्था पूर्ण झाली, आणि नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकल्यावर साध्या यंत्रालाही रस्ता ओळखता येऊ लागला. सारा खर्च अमेरिकी संरक्षण खात्याचा होता. त्यावरची यंत्रे, नकाशे आणि सेवा कंपन्यांनी घडवल्या, आणि त्या कामात त्या सरकारपेक्षा कितीतरी सरस ठरल्या.

युरोपने हीच गोष्ट उलट्या क्रमाने करून पाहिली. गॅलिलिओ व्यवस्थेच्या खर्चाचा मोठा वाटा खासगी गटाने उचलावा अशी मूळ योजना होती. जोखीम कोणी घ्यायची यावर बोलणी अडली, २००७ मध्ये ती फिसकटली, आणि अखेर युरोपीय संघाने सार्वजनिक पैशातून ३.४ अब्ज युरो बाजूला काढले. शेजारी फुकट मिळणारी वस्तू विकून भांडवल वसूल होणार नाही, हा कंपन्यांचा हिशेब चुकीचा नव्हता.

चालू सरकारी सेवा खासगी हातांत दिल्याचा अनुभव आहे का?

आहे, आणि या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो तपशिलात वाचावा असा आहे. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला. जंगले, पिके, नद्यांची पात्रे, शहरांची वाढ यांची तीच ती चित्रे वर्षानुवर्षे घेत राहणे हे त्याचे काम. १९८४ मध्ये अमेरिकेने कायदा करून हे काम बाजाराकडे सोपवले आणि पुढच्या वर्षी इओसॅट नावाच्या कंपनीला चित्रे विकण्याचा हक्क मिळाला. एका चित्राची किंमत चढत चढत सुमारे ४,४०० डॉलरपर्यंत गेली. विद्यापीठांतील संशोधकांनी चित्रे घेणे कमी केले. त्याहून वाईट असे झाले की ज्या प्रदेशाच्या चित्रांना गिऱ्हाईक नाही त्या प्रदेशाची चित्रे घेणेच मागे पडले, आणि संग्रहात अशी भोके राहिली की ती आता कोणत्याही किमतीला भरून निघणार नाहीत. १९८० च्या दशकातले जंगल आज जाऊन टिपता येत नाही.

१९९२ मध्ये दुसरा कायदा करून ही मालिका सरकारकडे परत आणली गेली. लँडसॅट ७ च्या काळात एका चित्राला सुमारे ६०० डॉलर पडत, आणि २००८ मध्ये सगळा संग्रह विनामूल्य खुला झाला. सशुल्क काळातील सर्वांत चांगल्या वर्षी, २००१ मध्ये, सुमारे २५,००० चित्रे विकली गेली होती. खुले झाल्यानंतर एका वर्षात दहा लाखांहून जास्त चित्रे उतरवून घेतली गेली.

आकड्यांपलीकडे जे बदलले ते महत्त्वाचे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक वनाच्छादनाच्या नकाशासाठी संशोधकांनी लँडसॅटची साडेसहा लाखांहून जास्त चित्रे वापरली. ६०० डॉलरच्या दराने त्या कच्च्या मालाची किंमत ३९ कोटी डॉलर झाली असती आणि इओसॅटच्या दराने २८६ कोटी. असा प्रस्ताव घेऊन कोणत्या संशोधन निधीचे दार ठोठावायचे? तो नकाशा महाग झाला असता असे म्हणणे पुरेसे नाही. तो काढण्याचा विचारच कोणाच्या मनात आला नसता.

इओसॅटला खलनायक ठरवण्याचे मात्र कारण नाही. कंपनीने कंपनीसारखे वागणे हे अपेक्षितच होते. चूक झाली ती कोणती वस्तू बाजारात न्यायची हे ठरवणाऱ्यांची.

मग खासगी कंपन्यांनी नेमके काय चांगले केले?

वाहतूक स्वस्त केली, आणि ही काही लहान गोष्ट नाही. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत स्पेस शटलची १३५ उड्डाणे झाली, दोन अपघातांत १४ अंतराळवीर गेले, आणि यान पुन्हा वापरता येत असूनही प्रवास स्वस्त होईल हे मूळ आश्वासन कधीच पुरे झाले नाही. शटल निवृत्त होणार हे ठरल्यावर अंतराळ स्थानकात माल कसा न्यायचा असा प्रश्न आला, तेव्हा नासाने २००६ मध्ये वेगळी पद्धत वापरून पाहिली. यानाचा आराखडा नासाने काढायचा नाही; काय हवे तेवढेच सांगायचे. पैसे टप्प्याटप्प्याने, टप्पा गाठल्यावरच द्यायचे, आणि कंपनीने स्वतःचे भांडवलही घालायचे.

निवडलेल्या दोन कंपन्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लरला बाहेरून भांडवल उभे करता आले नाही. नासाने २००७ मध्ये करार संपवला. तोवर तिच्यावर गेले होते सुमारे ३.२ कोटी डॉलर. उरलेले पैसे वाचले आणि ते ऑर्बिटल सायन्सेसला देता आले. दुसरी कंपनी, स्पेसएक्स, त्या वेळी काही फार भरवशाची नव्हती. तिचे छोटे फाल्कन १ रॉकेट २००६, २००७ आणि ऑगस्ट २००८ असे लागोपाठ तीनदा कोसळले. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे कक्षेत पोहोचले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नासाने तिला १२ माल-उड्डाणांसाठी १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. ते कंत्राट मिळाले नसते तर कंपनी टिकली असती असे मला वाटत नाही. मे २०१२ मध्ये तिचे ड्रॅगन यान स्थानकाला जोडले गेले.

ते यान नेणाऱ्या, स्पेसएक्सच्याच मोठ्या फाल्कन ९ रॉकेटच्या विकासावर सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाले. हेच रॉकेट नासाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने केले असते तर सुमारे ४ अब्ज डॉलर लागले असते, असा अंदाज नासाच्याच खर्चमापन पद्धतीने दिला. २१ डिसेंबर २०१५ रोजी त्याचा पहिला टप्पा कक्षीय मोहिमेनंतर जमिनीवर उभा उतरला आणि मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. तीनदा रॉकेट कोसळल्यावर सरकारी संस्थेत चौकशी समिती बसली असती, संसदेत प्रश्न आले असते आणि चौथ्या उड्डाणाला कदाचित परवानगीच मिळाली नसती. लवकर चुकण्याची मुभा ही खासगी पद्धतीची खरी कमाई आहे, आणि ती सरकारच्या खिशातून पूर्णपणे दिली न गेल्यामुळेच मिळते.

म्हणजे ठरावीक किमतीचे कंत्राट नेहमीच फायद्याचे असते का?

नेहमी नाही. २०१४ मध्ये माणसे नेण्यासाठी बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरपर्यंतची कंत्राटे मिळाली. नवखी कंपनी ३० मे २०२० रोजी अंतराळवीर घेऊन गेली. अनुभवी कंपनीचे स्टारलाइनर जून २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसांसह गेले, त्याला दिशा आणि गती देणारी छोटी इंजिने बिघडली, यान रिकामे परत आणावे लागले आणि आठवडाभरासाठी गेलेले दोघे अंतराळवीर मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या यानातून उतरले. यात बोइंगला दीड अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला. करदात्याच्या दृष्टीने कंत्राटाने आपले काम चोख केले. पण असा चटका बसलेल्या कंपन्या पुढच्या निविदेला येतील का, हा प्रश्न उरतो. दोन कंपन्या नेमल्या होत्या म्हणून निभावले, एवढे मात्र खरे.

सरकारी प्रकल्प इतके महाग आणि उशिरा का होतात?

कारण त्यांना यानाखेरीज आणखीही पुष्कळ काही वाहून न्यावे लागते: जुन्या कारखान्यांतील रोजगार, लोकप्रतिनिधींचे मतदारसंघ, आधीच्या प्रकल्पाचे सुटे भाग. नासाचे चांद्रमोहिमांसाठीचे एसएलएस रॉकेट शटलच्या इंजिनांवर आणि जुन्या पुरवठादारांवर उभारावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पहिल्यांदा उडाले, आणि त्याच वर्षी नासाच्या महानिरीक्षकांनी सांगितले की यानासह सुरुवातीच्या चार मोहिमांना प्रत्येकी सुमारे ४.१ अब्ज डॉलर पडतील. खर्च वाढला की कंत्राटदाराची मिळकतही टिकून राहते, अशी रचना असेल तर काटकसर कोण करील?

पण 'सरकारी म्हणजे उधळे' हे समीकरण जगभर लागू पडत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता आणि इस्रो ही पूर्णपणे सरकारी संस्था आहे. त्यानंतर खासगी कंपन्यांनी पाठवलेल्या यानांपैकी पेरेग्रीन जानेवारी २०२४ मध्ये चंद्रापर्यंत पोहोचलेच नाही, ओडिसियस फेब्रुवारीत उतरले पण कलंडले, आणि ब्लू घोस्ट मार्च २०२५ मध्ये नीट उभे राहिले. मालकीपेक्षा हिशेबाची शिस्त आणि संस्थेचे वय यांचा खर्चाशी जास्त संबंध दिसतो.

मूलभूत विज्ञानात कंपन्या पैसा घालतील का?

देणगी म्हणून थोडाफार घालतील, व्यवसाय म्हणून नाही. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर याने सूर्यमालेच्या वेशीपलीकडून अजून बोलतात; त्या संभाषणाला ग्राहक नाही. सुमारे १० अब्ज डॉलर लागलेली जेम्स वेब दुर्बीण खर्च आणि वेळ या दोन्ही बाबतींत मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली, तरी ती अर्ध्यावर सोडली गेली नाही. तिमाही ताळेबंद देणाऱ्या कंपनीने ती बहुधा सोडली असती.

खासगी कंपनी बुडाली तर तिच्या उपग्रहांचे काय होते?

इरिडियमची कथा इथे उपयोगी पडते. उपग्रहांवरून फोनसेवा देणारे ६६ उपग्रहांचे जाळे, सुमारे ५ अब्ज डॉलरचा खर्च, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी. जड फोन, महाग मिनिटे आणि तोवर जमिनीवर सगळीकडे पसरलेले मोबाइल मनोरे, असे कारण होते. सगळे उपग्रह कक्षेतून खाली आणून जाळण्याची तयारी झाली होती. शेवटी २००० च्या अखेरीस नव्या मालकांनी सारी मालमत्ता अवघ्या अडीच कोटी डॉलरना घेतली, आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलरचे सेवा-कंत्राट दिले म्हणून ते जाळे जगले. जुन्या भागधारकांचे पैसे गेले. सेवा मात्र राहिली. बाजाराची बाजू घेणाऱ्यांनी यातले दुसरे वाक्य सांगावे आणि विरोधकांनी पहिले, अशी पद्धत आहे. पण वाचवायला आलेला ग्राहक सरकार होता, हे दोघांनीही सांगायला हवे.

एकाच कंपनीवर अवलंबून राहण्यात धोका नाही का?

आहे, आणि तो आज सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. चालू उपग्रहांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या स्टारलिंकचे, म्हणजे स्पेसएक्सच्या इंटरनेट-जाळ्याचे आहेत. युक्रेनमध्ये २०२२ पासून एका देशाचे युद्धकाळातील दळणवळण मोठ्या प्रमाणात एका परदेशी कंपनीच्या सेवेवर चालले आणि ती सेवा कुठवर द्यायची हे कंपनी ठरवू लागली. जून २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या प्रमुखांनी अमेरिकी अध्यक्षांशी झालेल्या जाहीर भांडणात ड्रॅगन यान सेवेतून काढण्याची भाषा केली आणि काही तासांत शब्द मागे घेतले. तेवढे तास स्थानकाची वाहतूक एका माणसाच्या रागावर टांगलेली होती.

सरकारी मक्तेदारी याहून बरी असते असेही नाही. २०११ ते २०२० या काळात स्थानकावर माणसे नेण्यासाठी फक्त रशियाचे सोयुझ होते आणि आसनाचा दर रशिया ठरवी.

कक्षेतील गर्दी आणि कचरा यांना जबाबदार कोण?

दोघेही. १९८३ मध्ये चॅलेंजर शटलच्या खिडकीवर सुमारे ०.२ मिलिमीटरचा रंगाचा कपचा आदळला. काचेवर दिसेल एवढा खड्डा पडला आणि ती काच बदलावी लागली. मिठाच्या कणाएवढी ती वस्तू, पण तिचा वेग बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट. १० फेब्रुवारी २००९ रोजी सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर चालू असलेला इरिडियम ३३ आणि निकामी रशियन कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. एक खासगी, दुसरा सरकारी. त्यातून नजरेत ठेवता येतील असे सुमारे दोन हजार तुकडे झाले.

मुद्दाम केलेला कचरा मात्र सरकारांचा आहे. उपग्रहभेदी चाचण्यांत चीनने २००७ मध्ये तीन हजारांहून जास्त आणि रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे पंधराशे मोठे तुकडे सोडले. अमेरिका आणि भारत यांनीही कमी उंचीवर अशा चाचण्या केल्या आहेत. उलट खगोलशास्त्रज्ञांच्या चित्रांवर ओढल्या जाणाऱ्या तेजस्वी रेघा मुख्यतः खासगी जाळ्यांच्या आहेत. कक्षा ही गायरानासारखी आहे: जागा सर्वांची, चराईचा नफा ज्याच्या त्याच्याकडे, आणि जमीन उजाड झाल्यावर बोट दाखवायला कोणी एक नाही.

नियम सुरू झाले आहेत, पण हळू. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०२२ मध्ये, काम संपल्यावर खालच्या कक्षेतला उपग्रह २५ ऐवजी ५ वर्षांत काढण्याचा नियम केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये डिश कंपनीला जुना उपग्रह ठरल्या उंचीवर न नेल्याबद्दल दीड लाख डॉलरचा दंड झाला. अवकाश कचऱ्यासाठी त्या आयोगाने केलेला हा पहिलाच दंड होता. एवढ्या व्यवसायाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे.

कंपनीने नुकसान केले तर भरपाई कोण देतो?

राष्ट्र देते. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी संस्थांच्या कामांची जबाबदारीही त्यांच्या देशावर आहे आणि त्यांना परवानगी देणे व सतत देखरेख ठेवणे त्या देशाला बंधनकारक आहे. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत कॉसमॉस ९५४ कॅनडावर कोसळला, तेव्हा कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाख मिळाले. आजच्या कंपनीच्या हातून असे घडले तर दावा तिच्या देशाच्या सरकारवर येईल; ते सरकार पुढे कंपनीकडून किती वसूल करील हे त्याच्या देशातील कायद्यावर आणि विम्यावर अवलंबून राहील. म्हणून खासगी अवकाशही अंतिमतः सार्वजनिक हमीवर उडते, आणि हमी देणाऱ्याने अटी घालणे यात गैर काही नाही.

चंद्रावरील किंवा लघुग्रहांवरील खनिजे कोणाची?

त्याच कराराने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. काढलेल्या खनिजांबद्दल तो गप्प आहे, आणि त्या फटीतून अमेरिकेने २०१५ मध्ये व लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कंपन्यांना हक्क देणारे कायदे केले. लघुग्रहांवर खाणी काढायला निघालेली प्लॅनेटरी रिसोर्सेस २०१८ मध्ये एका ब्लॉकचेन कंपनीने विकत घेतली, एवढ्यावर ही चर्चा सध्या थांबवता येईल.

अवकाश पर्यटनातून समाजाला काही मिळते का?

फारसे नाही. पहिला स्वखर्चाचा प्रवासी २००१ मध्ये गेला तोही रशियाच्या सरकारी सोयुझमधून, त्यामुळे याला निव्वळ खासगी खूळ म्हणता येणार नाही.

हा पैसा जमिनीवरच्या गरजांसाठी वापरू नये का?

नासाचा वाटा आज अमेरिकी केंद्रीय खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. प्रश्न रकमेपेक्षा वापराचा आहे. १९७५-७६ मध्ये नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम थेट दाखवले गेले. त्या खेड्यांना जाहिरातदार मिळाला नसता, आणि जाहिरातदाराची वाट पाहिली असती तर उपग्रहाचा असा वापर कित्येक वर्षे सुचला नसता.

जिथे सरकार आणि कंपनी दोघांनी आपापले काम नीट केले, असे उदाहरण आहे का?

डार्ट मोहीम. पृथ्वीला लघुग्रहाच्या धडकेपासून वाचवणे ही सेवा कोणालाही वगळून देता येत नाही आणि म्हणून कोणालाही विकता येत नाही. उद्दिष्ट नासाचे, यान एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने बांधलेले, सोबत इटलीच्या अवकाश संस्थेचा छोटा छायाचित्रक उपग्रह, आणि प्रक्षेपण नोव्हेंबर २०२१ मध्ये विकत घेतलेल्या फाल्कन ९ वरून. २६ सप्टेंबर २०२२ रोजी यान डायमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर आदळले आणि मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची प्रदक्षिणा सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. मोजमापे सर्वांसाठी खुली आहेत. त्या धडकेने लघुग्रहावर नेमके काय झाले हे जवळून पाहण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेचे हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले, तेही तिकीट काढून, त्याच कंपनीच्या रॉकेटवरून.